वीतभर पाइप

"काका, गाडी समुद्रातून चालवता का?" लिफ्टवर चढवलेल्या गाडीखालून मिस्त्रीनं विचारलं.

बॅटरीचा उजेड धरून उभे असलेले काका हसले नाहीत. आदल्या दिवशी उतारावर ब्रेकचं पायडल थेट तळाला गेलं होतं. हँडब्रेक ओढून, गाडी कठड्याला घासत त्यांनी ती कशीबशी थांबवली होती. काकू मागे बसलेल्या. त्यांनी हूं की चूं केलं नाही. काकांना कठड्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली होती.

मिस्त्री बोलघेवडा, हात चालला की तोंडही चालायचं. ब्रेकचा लांबलचक पाइप त्यानं तारेच्या ब्रशनं घासत आणला. गाडी म्हातारी, पण पाइप बऱ्यापैकी ठणठणीत होता. फक्त मागच्या सीटच्या पुढ्यात, वीतभर, गंजून त्याचे पापुद्रे सुटले होते. ब्रशच्या खरखरीनं काकांच्या अंगावर काटा आला. घरी रोज सकाळी असल्याच खरखरीनं त्यांना जाग यायची.

"एवढ्याच जागी पाणी येतं कुठून?" मिस्त्रीनं वर बोट लावून पाहिलं. "गाडीच्या तळाचं बूच कोणीतरी काढलंय. आणि हे तर साबणाचं पाणी."

गाडी खाली घेऊन त्यानं मागचं दार उघडलं आणि उकिडवं बसून मॅट उचललं. खाली ओल होती.

"सीट मात्र कोरी करकरीत. नातवंडं सांडलवंड करतात वाटतं?"

"बायको धुते," काका म्हणाले. मग लपवून उपयोग नव्हता. "आमच्या मुलीला याच सीटवरून दवाखान्यात नेलं होतं. रक्त थांबत नव्हतं. पोचायच्या आत गेली, आईच्या मांडीवर. सीट दोनदा बदलली मी. हिला डाग अजून दिसतो."

मिस्त्रीनं हातातलं मॅट हळूच खाली ठेवलं. त्यानं विचारलं, "आणि तुम्हाला?"

"मला नाही दिसत. तिला त्याचाच राग आहे."

मिस्त्रीनं कानामागे खाजवलं. "वाईट नका वाटून घेऊ, काका. पण काकूंना हात आवरायला सांगा. हे पाणी नवा पाइपही खाऊन टाकेल. परत कठडा भेटेलच असं नाही."

सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. एकदा त्यांनी बादली आणि ब्रश लपवून ठेवला होता. तेव्हा काकू नखांनी सीट खरवडत बसल्या होत्या.

"पाइप पलीकडच्या बाजूनं नेता येईल?" काकांनी विचारलं.

"येईल की. वळसा पडेल."

"पडू दे. पाणी जातंय तिथून जाऊ दे."

मिस्त्री मान हलवून उठला. उठताना तोल गेला म्हणून त्यानं सीटवर हात टेकला, आणि फिकट कापडावर ऑइलची काळी पाच बोटं उमटली. ओशाळून तो खिशातलं फडकं काढत वाकला.

काकांनी त्याचं मनगट धरलं.

"असू दे," ते म्हणाले. "एक तरी डाग निघू दे तिच्या हातून."