बोटभर औषध

दंड मोजायची पट्टी पुन्हा लाल रंगावरच थांबली. अंगणवाडीच्या प्रेरणाताईंनी ती सोडली, लखनच्या दंडाला परत गुंडाळली. लालच, म्हणजे पोर फारच खंगलेलं.

पैनगंगेच्या पुरात घरं गेलेली माणसं शाळेच्या वर्गांत राहत होती. दुपारी डॉक्टर येणार होते. दंड असाच राहिला, तर लखनला यवतमाळला हलवायचं ठरलं होतं. प्रेरणाताईंची नजर सारखी फाटकाकडे जात होती.

"कविता, पुडी रोज देतं ना याले?"

"देऊन राह्यली ना ताई. तिन्ही टायमाले," लखनची आई म्हणाली.

"दुसऱ्या कोणाले वाटत नाहीस ना?"

"औषध कोणी वाटते काय? तुम्हीच तं सांगतलं, औषध आहे म्हणून. या पायलनं हात लावला तं चापट देल्ली मी तिले."

लखनची मोठी बहीण पायल खिडकीखाली बसून पुडीकडे पाहत होती.

"दे बरं माझ्यासमोर."

कवितानं हात धुतले. पुडीचा कोपरा दाबून आतल्या घट्ट लगद्याचा थेंब करंगळीच्या टोकावर घेतला आणि लखनच्या जिभेला लावला. तो बोट चोखत राहिला. तिनं ते ओढून घेतलं, पुडीला घडी घातली, वरून दोरा बांधला.

"बस, एवढंच?"

"जास्त झालं तं गरम पडन ना." तिनं डब्बा उघडून दाखवला. आत न फोडलेल्या पुड्या नीट रचलेल्या होत्या. "पाहा, एकही वाया नाही घालवली."

प्रेरणाताई उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत येऊन बसल्या. खाऊ म्हटलं असतं तर वर्गभर हात पसरले असते. म्हणून त्यांनीच औषध म्हटलं होतं.

"औषध नाही ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जेवण आहे. शेंगदाणे, दूध, साखर. पुडी पुरी संपवाची असते."

"जेवण?" कविता डब्ब्याकडे पाहत राहिली. "मंग हिले कायले मारलं मी?"

प्रेरणाताईंनी दोरा तोडला आणि पुडी लखनच्या तोंडाला लावली. त्यानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. तो खात होता. त्यांनी पट्टी उचलली आणि खिडकीकडे वळल्या.

"पायल, हात दाखव बेटा."

पायलनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मी नाही खाल्लं," ती म्हणाली.