लाल फडकं
मर्लच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून तान्या खुशीत होती. परसामागच्या उसाच्या पडीक रानात तिची कंपनी भाड्याच्या सामानखोल्या बांधणार होती. “बघा, दोन रांगा, मधे गाड्यांची वाट, तुमच्या कुंपणालगत लिलीपिलीची गच्च झाडं. हरकतीच्या पत्रात तुम्हीच लिहिलं होतंत ना, ‘माझ्या खिडकीतून काहीही दिसता कामा नये’?” मर्लचं बोट वाटेवरून पलीकडच्या घरापर्यंत गेलं. तिथे नोएलीन राहायची. गुडघे दोघींचेही गेलेले. रोज सकाळी ती दोरीवर लाल फडकं टाकायची, म्हणजे ‘आहे गं अजून’. मग मर्ल आपलं टाकायची. “एक झाड गाळता येईल?” “आता नाही हो, मंजुरी झाली. तुमच्याच शब्दांवर.” “मेलं ते पत्र!” मर्लने खिडकीबाहेर पाहिलं. “दाट व्हायला किती दिवस?” “चार वर्षं.” नोएलीन एक्याण्णवची होती. “हळू वाढणारी मिळतात का बघ ना.”