दारामागचं बटण

"मावशी, हे बटण दाबलं की काय होतं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भिंगरीने विचारलं. तिच्या घरात येणारा प्रत्येक जण चपला काढायच्या आधी दारामागचं काळं बटण दोनदा दाबतो आणि कुठे काहीच होत नाही, यावर वर्गात कधीपासून हसणं चालू होतं. बाबांना विचारलं तर म्हणायचे, आपल्याकडे दाबतात. आजोबा दाबायचे, म्हणून आपण दाबायचं. आज घराची वायरिंग तपासायला बाई येणार म्हटल्यावर मैत्रिणींना आयतंच सापडलं. हिंमत असेल तर त्यांनाच विचार म्हणाल्या.

मावशी स्टुलावर चढलेल्या होत्या. त्यांनी उत्तर दिलं, पण तोंड भिंतीकडे होतं. भिंगरीच्या हाती अर्धंमुर्धं लागलं. तिने नेहमीसारखी हसून मान डोलावली.

हे मान डोलावणं हल्ली फार वाढलं होतं. कानाचं मशीन सुट्टीतच आणलेलं, पण ते तिच्या कपाटात मोज्यांच्या खाली डबीसकट झोपलं होतं. वर्गात कुणी बघितलं तर? आईचं समजावून झालं, बाबांचं लालूच दाखवून झालं. आता दोघंही त्या विषयाच्या बाजूने मांजरीच्या पावलांनी जायचे.

मावशींनी बटणाचा बोर्ड उघडला. घरातली बाकीची वायर जुनी, ॲल्युमिनियमची, लाकडी पट्टीतून नेलेली. ती सगळी निघणारच होती. या बटणाच्या वायरची मात्र जातच निराळी. काळी, चपटी, हट्टी मुलासारखी ताठ. मावशींनी टोक सोललं. आत तांब्याचा रंग चमकला. मग त्यांनी खिशातून लोहचुंबक काढून टेकवलं, तर ते चटकन चिकटलं.

"तांब्याला चुंबक चिकटत नाही," त्या आता भिंगरीकडे वळून म्हणाल्या. "वरून तांबं, आत पोलाद. ही टेलिफोनची वायर. खांबावरून घरात आणतात ती. दिव्याबिव्याला ही कुणी वापरत नाही गं."

आजोबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. बाबा पेपर टाकून उठले.

वायर दाराच्या चौकटीवरून गेली, स्वयंपाकघराच्या माळ्याखालून वळली आणि मागच्या खोलीत भिंगरीच्या कपाटामागे गडप झाली. मावशींनी आणि बाबांनी मिळून कपाट सरकवलं. मागे पत्र्याची एक डबी होती, तिच्यात फुगून फुटलेले सेल. तिच्या जरा वर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा, टॉर्चचा इवलासा बल्ब. त्यावर सायकलची लाल काच. खाली फरशीवर चार पायांचे खळगे.

बाबा त्या खळग्यांजवळ मांडी घालून बसले.

इथे त्यांच्या आत्याचं शिलाई मशीन होतं. बाबा पहिलीत असताना ती गेली. तिला जन्मापासून ऐकू यायचं नाही. बाबा शाळेतून आले की तिला दचकवायला मागून चोरपावलांनी जायचे, पण ती नेमकी आधीच वळून हात पसरून बसलेली असायची. आत्याला पाठीला डोळे आहेत, असं घरात सगळे म्हणायचे आणि बाबांनी ते आजवर खरं मानलं होतं.

"चोरपावलांनी यायचो," बाबा हसत होते आणि डोळे पुसत होते, "पण दारातलं बटण दाबून."

मग ते सांगतच सुटले. कुणी पुटपुटलं की आत्या सरळ त्याची हनुवटी धरायची आणि तोंड आपल्याकडे फिरवायची. पोस्टमन असो, नवा जावई असो. ती गेल्यावरही आजोबा बटण दाबतच राहिले. सेल कधी संपले कुणाला कळलं नाही.

मावशींनी डबी नीट पाहिली. हे सगळं सेलवरचं, घरच्या लाइनला कुठे लागलेलंच नाही, त्यामुळे धोका काही नाही. काढायचं का, एवढंच सांगा.

आई खिडकीकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. भिंगरीला कळलं नाही. या वेळी तिने मान डोलावली नाही. ती गेली, आईची हनुवटी धरली आणि हळूच आपल्याकडे फिरवली.

"काढू दे म्हटलं," आई चाचरत म्हणाली. "आता कुणासाठी ठेवायचं?"

भिंगरीने कपाट उघडलं. मोजे जमिनीवर पडले. कानाच्या मशीनची डबी तिने आईबाबांच्या मधोमध ठेवली.

"उद्यापासून मी हे लावून शाळेत जाणार," ती म्हणाली. "पण घरी आले की काढून ठेवणार. तेव्हा बाबा, नवे सेल आणा. तुम्ही आलात हे मला कळायला नको?"