शाळेचा पट

दारात पाच गोरे म्हातारे-म्हाताऱ्या पाहून वृषालीने दार अर्धवट लोटून घेतलं. इंग्लंडातल्या या खेड्यात येऊन तिला आठवडाच झाला होता. त्याआधी इथल्याच एका शहरात ती राहायची, तिथल्या गल्लीत भारतीय माणसं वाढली, तेव्हा असेच गोरे दारी आले होते. ‘अजून किती पोरवडा वाढवणार?’ म्हणत त्यांनी काच फोडली होती.

“मुलं किती तुला?” पुढच्या म्हातारीने विचारलं.

“एकही नाही,” वृषाली धडधडीत खोटं बोलली.

म्हातारी पायरीवर मटकन बसली. “मग संपलंच. एक मूल कमी पडतंय, शाळेला कुलूप लागणार.”

तेवढ्यात माडीवर पोरी खिदळल्या. सगळ्यांच्या माना वर गेल्या.

“दोन आहेत,” वृषाली कशीबशी म्हणाली. “शाळेत मारणार नाही ना त्यांना कुणी?”

म्हातारीने उत्तर देण्याआधी, त्यांचीही हमी हवी असल्यासारखं, मागच्या चौघांकडे वळून पाहिलं.