आल्या म्याडम

योगिनीची रीतच उलटी. दिवसभर विद्यापीठात बसून दुसऱ्याची लेकरं बघायची, आणि पोटची पोर सासूच्या कडेवर. सखूबाईनं हे गारखेड्यात घरोघर सांगून झालं होतं. आज सुनेच्या सरांपुढंच सांगावं असं तिच्या मनात होतं, पण सरांनी ओठावर बोट ठेवून तिला खुर्चीवर बसवलं.

समोर मोठी काच. इकडून पलीकडची खोली दिसायची, तिकडून नुसता आरसा. आई उठून गेली की लेकरू किती रडतं, परकी बाई आली तर काय करतं, आई परतली की कसं बिलगतं, हे योगिनी इथून बघायची. त्यावरच तिची पीएचडी. आज सर पहिल्यांदा बघायला आलेले, आणि वैजापूरहून यायचं होतं ते लेकरू नेमकं तापानं फणफणलं. मग योगिनीनं आपलीच अक्षदा आणली, दोन वर्षांची. आजीबिगर ती रिक्षात बसेना, म्हणून सखूबाईलाही आणावं लागलं.

योगिनी आत पोरीजवळ बसली. जरा वेळानं उठून बाहेर गेली. अक्षदानं मान वर केली नाही. ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिली. मग रत्नमाला नावाची विद्यार्थिनी आत गेली. परकी बाई ती. अक्षदानं तिलाही एक ठोकळा दिला.

दार उघडून योगिनी परत आली. हात पुढं केले.

"आल्या म्यादम," अक्षदा म्हणाली आणि पुन्हा खेळायला लागली.

सरांना हसू आलं. सखूबाई हसली नाही. रोज संध्याकाळी स्कूटी दारात थांबली की हेच दोन शब्द ती पोरीच्या कानाशी म्हणायची. तिचा लेक मल्हारी एकदा म्हणाला होता, आई, असं नको बोलू. पोरीनं त्यातलं 'आई' तेवढं उचललं.

रत्नमालाला वाटलं, आपण मदत करावी. "अक्षू, आई कुठंय? जा, आईकडं जा."

अक्षदा उठली. योगिनी गुडघ्यावर बसली. पोर तिच्या बाजूनं निघून दाराशी गेली, दार ओढून पाहिलं, मग आरशाशी आली. दोन्ही हातांनी आरसा बडवत रडायला लागली. आई, आई.

इकडं सखूबाईच्या तोंडासमोर ते दोन तळवे काचेवर आपटत होते. सर म्हणाले, मावशी, बास झालं, जा तुम्ही आत. सखूबाई उठली नाही. आणखी जरा रडू दिलं. सुनेला नीट ऐकू जाऊ दे.

मग ती आत गेली. अक्षदा पदरात शिरली आणि गप झाली.

योगिनी अजून गुडघ्यावरच होती. "आत्या," ती सासूला म्हणाली, "'आई' एवढं तरी मला ठेवायचं होतं."

सखूबाईनं पदरानं पोरीचं नाक पुसलं. आधी रत्नमालाकडं बघितलं, मग सुनेकडं.

"हिला उगं कशाला बोलावलं परकी बाई म्हणून? तू व्हतीस की."