भेटीची खिडकी

द्वारकाबाईंच्या खांद्यावर सत्काराची शाल टाकून फोटोग्राफरने त्यांना गजांच्या खिडकीपाशी उभं केलं. "आजी, जरा हसा की!" त्या हसल्या नाहीत.

अनाथाश्रमाची जुनी इमारत पाडली, नाव बदललं. ही एक खिडकी तेवढी रंगवून नव्या हॉलमध्ये बसवली होती. वडील गेले, दोघींचं पोट भरेना, म्हणून आईने द्वारकाला इथे ठेवलं. महिन्यातून एका रविवारी ती या खिडकीबाहेर उभी राहायची. लेकीला हात लावायची परवानगी नव्हती. मग नजरेनेच माप घ्यायची आणि पुढच्या खेपेला हाताने शिवलेला झगा गजांतून आत सरकवायची. तिची पाठ वळली की मेट्रनबाई तो सगळ्यांच्या कपड्यांच्या पेटीत टाकायच्या. द्वारकाच्या अंगाला त्यातला एकही लागला नाही.

नव्या संचालिकाबाई माइकवर सांगत होत्या, "गरिबीपायी आता आपण कुठलंच मूल आईपासून तोडत नाही. आईला शिलाई मशीन देतो, मूल घरीच वाढतं." टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्यांनी माइक द्वारकाबाईंपुढे धरला. "आजी, दोन शब्द बोला."

"माझ्या आईला शिवता येत होतं."

संचालिकाबाईंनी झटकन माइक बाजूला घेतला. "आजी, आज आनंदाचा दिवस आहे ना!"

"असेल. तुमचा." द्वारकाबाईंनी शाल ओढून काढली आणि त्यांच्या हातात कोंबली. "ही घ्या. टाका त्या पेटीत."