भात्याचा जोर

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर लोर्नने साउंडच्या टेबलावरचा अकॉर्डियनचा फेडर, आवाज कमी-जास्त करणारी ती सरकती कळ, हळूच खाली ओढला. पार तळापर्यंत.

कॅनडातल्या सडबरी गावी, एका जुन्या लाँड्रीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी कुणीही वाजवावं, कुणीही ऐकावं, असा शिरस्ता होता. दारात उभं राहणारे, कॉफी करणारे, फरशी पुसणारे सगळे हौसेने येणारे. त्या टेबलावर नऊ वर्षं लोर्न बसत होता. निकेलच्या खाणीतून निवृत्त झालेला माणूस, पण कान तिखट. चुकलेलं त्याला सोसत नसे.

मंचावर सतरा-अठरा वर्षांच्या तीन मुली होत्या आणि खुर्चीवर अकॉर्डियन घेऊन बसलेली इर्या, वय त्र्याहत्तर. गाणारी सारा तिची नात. इर्या पहिल्या गाण्यापासून ठेक्याच्या किंचित मागे राहत होती. तिसऱ्या रांगेत उन्हाळी महोत्सवासाठी बँड निवडणारी एक बाई वही उघडून बसली होती. पोरींचं नुकसान नको, असं लोर्नने स्वतःला सांगितलं.

फेडर खाली गेला तरी गाणं काही सुधारलं नाही. मुली मधेच थांबत, कुणाची तरी वाट बघितल्यासारख्या, आणि मग पुढे जात. लोकांना ते थांबणं कळेना. इर्या भाता ओढत होती, बोटं फिरत होती. तिसऱ्या गाण्यात मात्र ती मान खाली घालून आपल्या हाताकडेच बघू लागली.

लोर्नने फेडर वर घेतला नाही. आता घेतला असता तर सगळ्यांना कळलं असतं.

टाळ्या पडल्या, जेमतेम. वहीवाली बाई कॉफी घ्यायला उठली. सारा वायरी गुंडाळत टेबलाशी आली.

"आजी ऐकूच आली नाही," ती म्हणाली. "आम्ही तिच्यावर चालतो ना! ती जिथे लांबवते तिथे आम्ही थांबतो. गाणीच तशी बसवलीत. माईक गेला का?"

"वायर सैल झाली असेल," लोर्न म्हणाला आणि हातातली वायर उगाच तपासू लागला.

"वायरीला कशाला नावं ठेवतोस?" इर्या मागून कोट चढवत आली. "ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून या हाताचं काही खरं नव्हतं. भाता ओढायला जोरच नाही उरला. डॉक्टर म्हणाले, वाजवून बघा. बघितलं." ती हसली. "तुझी दुपार फुकट घालवली रे, लोर्न. पोरींचीही. सारा, हे अकॉर्डियन मामाकडे देऊन टाकू. त्याची पोरं खेळतील."

"आजी, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. चल, गाडी आण."

दोघी गेल्या. लोर्न वायर गुंडाळत राहिला. झाली की सोडायची, पुन्हा गुंडाळायची. पुढच्या बँडची मुलं गिटारी घेऊन उभी होती.

"चढू का आम्ही?"

"थांबा जरा."

तो कोट न घालताच बाहेर पडला. थंडीने नाकातला श्वास गोठत होता. सारा अकॉर्डियन गाडीत ठेवत होती.

"इर्या, वायर धड होती," तो म्हणाला. "तुमचा हातही धड होता. आवाज मी बंद केला."

सारा गर्रकन वळली. "काय?"

"मला वाटलं, आजी मागे पडताहेत. दुसऱ्या गाण्यापासून शेवटपर्यंत बंदच ठेवला. मुद्दाम."

"चार महिने रोज सकाळी भाता ओढतेय ती! रडत रडत!" साराचा आवाज चिरकला. "आणि दारावर काय लिहिलंय तुम्ही? सगळ्या वयांसाठी! लाज नाही वाटत?"

लोर्न ऐकत तिथेच उभा राहिला. इर्यानेही बोलावं, हवं ते बोलावं, असं त्याला वाटत होतं. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

"म्हणजे पहिल्या गाण्यात मी ऐकू येत होते?"

"हो."

"मागच्या खुर्च्यांपर्यंत?"

"पार भिंतीपर्यंत."

इर्याने डाव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला. तो हात डोळ्यांसमोर धरून तिने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. तिचं नाक लाल झालं होतं, डोळे वाहत होते.

"ऐकलंस का, सारा? भिंतीपर्यंत!" मग तिने तोच हात लोर्नपुढे केला. "बरं झालं सांगितलंस. धर. दाबून बघ."

त्याने धरला. तिने दाबला, चांगला घट्ट. लोर्नला मान वर करवेना.